आधी सातारा

सांगली
१४ नोव्हेंबर २०२४

चि. मयूरी,

सलाम. पत्राच्या डोक्यावर शास्त्रातलं एखादं वचन लिहायची आमच्यात पद्धत आहे. आज लिहीत नाही. कुठलंही लिहिलं तरी तू ते खरं मानशील आणि मला नवीन काहीतरी करायला लावशील.

चार दिवस तू फोन उचलत नाहीस, म्हणून कडेगावच्या पत्त्यावर लिहिते आहे. पोस्टातल्या बाईंना पाकीट मागितलं तर त्या म्हणाल्या, "सरकारी काम हाय का काकू?" त्यांना काय सांगायचं?

मला भांडायचं नाही. झालं ते नुसतं मांडायचं आहे. तू म्हणशील, मी तिथंच होते, मला काय सांगता. पण चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आधी 'दिलेले' लिहायचं, मग 'काढायचे', त्याशिवाय माझा हात चालत नाही.

तर दिलेले असे. तू, वय तेवीस, फार्मसी शिकायला सांगलीत आलीस आणि दोन वर्षं माझ्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिलीस. संध्याकाळी मी शास्त्र वाचायला बसले की चहा घेऊन यायचीस आणि तिथंच बसायचीस. येशूनं डोंगरावर बसून जे प्रवचन केलं त्यात तू अडकलीस. मी बोलावलं नव्हतं, आणि तुला ऊठही म्हटलं नाही. बाप्तिस्म्याचं नाव तूही काढलं नाहीस, मीही काढलं नाही. एकदा विचारलं, "तू नक्की कोण गं आता?" तर म्हणालीस, "कागदावर कोण न्हाई बाई. पण त्यानं सांगितलेलं कळलंय, तर ऐकायला नगं का?"

रविवारी आमच्या मंडळीचा कापणीचा सण होता. लोकांनी वेदीपुढं आपापल्या शेतातलं, परसातलं आणून ठेवलं होतं. हळकुंडं, उसाच्या मोळ्या, पपया, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. मधोमध माझ्या छपरावरच्या वेलाचा लाल भोपळा, नऊ किलोचा. जन्मभर पोरांना भोपळे दिले, एक देवाला द्यावा म्हटलं. पाद्रीसाहेब प्रार्थनेला उठणार तेवढ्यात तू मागच्या बाकावरून उठलीस, तो भोपळा उचललास, पोटाशी धरून चालत आलीस आणि माझ्या मांडीवर ठेवलास. वर म्हणालीस, "बाई, आधी सातारा. भावाशी मिटवा, मग आणून ठेवा."

दोनशे माणसं होती. नुसती एक कोंबडी ओरडत होती.

इथवर दिलेले. काढायचं काय, ते मला कळत नाही. चूक तुझी आहे हे उघड आहे. घरी आल्यावर मी "खोली रिकामी कर" म्हणाले, ते रागात. तू खरंच पिशवी भरून संध्याकाळची एसटी धरशील असं वाटलं नव्हतं. तुझी गोधडी इथंच राहिली आहे.

क्षमाबाई


सांगली
२२ नोव्हेंबर

चि. मयूरी,

सलाम. उत्तर नाही. ठीक आहे.

आठ दिवस मी तुला मनातल्या मनात समजावते आहे. दान वेदीपुढं ठेवताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, असं येशूनं सांगितलं, मान्य. पण ती वेदी यरुशलेमची. आपण त्यातला भाव घ्यायचा. वेदी म्हणजे अंतःकरण, दान म्हणजे भक्ती, भाऊ म्हणजे सगळी मानवजात. असं समजावत जाते, आणि मग आठवतं की तूच एकदा असा अर्थ काढला होतास तेव्हा मी तुला झापलं होतं: "पळवाटा काढू नकोस. लिहिलंय तसं वाच." आता बोल!

शिवाय त्यानं दान 'तिथंच ठेव' म्हटलं आहे, उचलून परत मांडीवर आणून दे असं म्हटलेलं नाही. एवढा एक मार्क मी तुझा कापते.

अनीशचं मी तुला कधी नीट सांगितलं नाही. 'आमचं पटत नाही' एवढ्यावर भागवलं. तो माझा धाकटा भाऊ, साताऱ्यात एका लॅबमध्ये रक्त तपासतो. पंचेचाळीस वर्षांचा होईपर्यंत लग्न केलं नाही, आणि मग केलं ते सोनियाशी. सोनिया घटस्फोटित. पहिला नवरा जिवंत. आता तेच प्रवचन उघड. भावाशी समेट कर म्हटलं त्याच्याखाली बोटभर अंतरावर काय आहे? टाकलेल्या बाईशी जो लग्न करतो तो व्यभिचार करतो. मी ते लिहिलेलं नाही, त्यानं सांगितलं आहे. आणि त्याच्याही आधी सांगितलं आहे की मी नियमशास्त्र मोडायला आलो नाही, त्यातला एक कानामात्रासुद्धा गळणार नाही.

म्हणून मी साताऱ्याच्या पाद्र्यांना पत्र लिहिलं, की हे लग्न ख्रिस्तमंदिरात लावू नये. त्यांनी लावलं नाही. दोघांनी कचेरीत जाऊन सह्या केल्या. ही २०१३ ची गोष्ट. तेव्हापासून मी आणि अनीश बोललो नाही.

मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. मग सांग, एकाच डोंगरावर, एकाच बैठकीत त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली पाळायला गेले तर दुसरी मोडते, दुसरी पाळली तर पहिली मोडते. असं गणित पेपरात आलं असतं तर मी छपाईची चूक म्हणून सगळ्यांना मार्क दिले असते. इथं कुणाकडं तक्रार करायची?

क्षमाबाई


सांगली
२ डिसेंबर

मयूरी,

सलाम. आजचं पत्र लिहायला चार दिवस लागले. दोन फाडली.

सणाच्या दुसऱ्या दिवशी मंडळीच्या पंचांनी मला बोलावलं होतं. बाप्तिस्मा न झालेल्या मुलीनं वेदीवरच्या दानाला हात लावला, हा एक मुद्दा. दुसरा मुद्दा हळू आवाजात निघाला. कडेगावच्या हिंदू घरातली मुलगी, तुमच्या घरी राहते, तुमच्याकडं शास्त्र शिकते. उद्या कुणी येऊन विचारलं तर? दिवस कसे आहेत तुम्हाला माहीत आहे. पाद्रीसाहेब भला माणूस, पण त्यांच्या कपाळावर घाम होता. सेक्रेटरींनी कोरा कागद पुढं सरकवला आणि म्हणाले, "बाई, दोन ओळी लिहून द्या, म्हणजे मंडळी सुरक्षित."

मी लिहून दिलं. चार ओळी झाल्या. 'सदर मुलगी माझ्याकडे केवळ भाडेकरू म्हणून राहत होती. मी तिला धर्माविषयी काहीही शिकवलेले नाही. तिच्या कृत्याशी माझा संबंध नाही.' खाली सही आणि तारीख. रविवारी तो कागद मंदिरात वाचून दाखवला. मी पहिल्या बाकावर बसून ऐकला. अक्षर चांगलं आलं होतं म्हणून सेक्रेटरींना अडखळावं लागलं नाही.

पहिल्या दोन पत्रांत मी हे तुझ्यापासून लपवलं. चूक तुझी, असं वर लिहिलं. लाज वाटते.

साठ वर्षं ऐकत आले, की तो स्वर्गात जाताना शेवटची आज्ञा देऊन गेला: जा, शिष्य करा, आणि मी सांगितलेलं सगळं पाळायला त्यांना शिकवा. रविवारच्या शब्बाथशाळेत कितीतरी पोरांना ही आज्ञा मी तोंडपाठ करून घेतली. त्या पोरांनी पाठ केली, बक्षिसाची पेन्सिल घेतली आणि गेली. पाळायला शिकलेली जन्मात एकच भेटली. तिला मी लेखी नाकारली. माझ्या शिकवण्यानं हे झालं, की माझं न ऐकता झालं, तेसुद्धा कळत नाही. तू शिष्य कुणाची होतीस? माझी असतीस तर गप्प बसली असतीस, कारण मी गप्प बसते.

मला माफ कर. नाही केलंस तरी कळव.

क्षमाबाई


कडेगाव
९ डिसेंबर

बाई,

सलाम. तुमी लाल पेन घेऊन बसणार म्हाईत हाय, म्हणून मुद्दाम बोलते तसंच लिवते. करा कुठं कुठं दुरुस्त करताय ते.

तो कागद मला कवाच पोचला. तुमच्यातल्याच कुणीतरी फोटो काढून मोबाईलवर टाकला. वाचून लय रडले. आईनं इचारलं तवा तिला वाचून दावला. आई म्हणली, म्हातारी भ्यालीया गं, भ्यालेल्या माणसाचं काय मनावर घ्याचं. तरी दोन दिस जेवाण गेलं न्हाई.

भोपळ्याचं सांगते. मला काय तमाशा करायचा नव्हता. आमच्या गावात जत्रंला नारळ फोडायच्या आधी म्हातारी माणसं इचारत्यात, कुणाचं कुणाशी वाकडं हाय का. असलं तर तितंच दोघास्नी पुढं बोलवून हातात हात देत्यात आन मग नारळ फुटतो. माझ्या दोन चुलत्यांचं बांधावरनं सात वरसं बोलणं नव्हतं, ते असंच मिटलं. तुमच्यात तर त्यानं सोताच सांगून ठेवलंय. मला वाटलं, तुमच्या सणालाबी असंच असणार, आता कुणीतरी उठंल. कुणी उठंना. पाद्रीसाहेब तर प्रार्थनेलाच निघालं. म्हणून मी उठले. घरातली हाय म्हटलं, आपणच उठाय पायजे. आता कळतंय, तुमच्यात ते नुसतं वाचायचं असतंय.

तुमी इचारता कंचं पाळायचं. मला काय ठावं बाई? मी दोन वरसाची, तुमी साठ वरसाच्या. पर ते टाकलेल्या बाईचं त्यानं कुणाला सांगितलं? बायका टाकणाऱ्या बाप्यांनाच न्हवं? मी तवाबी इचारलेलं. तुमी म्हणला, अभ्यासक्रमाच्या बाहेरचं इचारू नको.

माझ्याकडं माफी मागू नगासा. माझं तुमच्यावर काय न्हाई, आन असलं तरी माझा लंबर नंतर हाय. आधी सातारा. आता पत्र आलं तर पाकिटावरचा शिक्का बघीन. साताऱ्याचा असला तर फोडीन. सांगलीचा असला तर तसंच ठिवीन.

गोधडी राहू द्या. थंडी हाय, तुमी घ्या.

मयूरी


सांगली
१७ डिसेंबर

मयूरी,

सलाम. हे पत्र तू फोडणार नाहीस. म्हणून मोकळेपणानं लिहिते. लाल पेन काढलं होतं, खरं सांगते. पहिल्या ओळीतच तीन गोल केले आणि मग ठेवून दिलं.

तुझं पत्र आल्यापासून मी रोज ठरवते, उद्या जाते. पिशवी भरते, रिकामी करते. शेजारच्या नूरजहांभाभी परवा कुंपणावरून म्हणाल्या, "बाई, सफर पे जा रही हो या सफाई चल रही है?" मी हसले. त्यांना काय सांगू, मी कुठल्या तोंडानं जाऊ?

सोनियाला तिचा पहिला नवरा मारायचा. हे मला २०१३ सालीसुद्धा माहीत होतं. अनीशनं दोन पानी पत्र लिहून सगळं सांगितलं होतं. तिच्या मोडलेल्या मनगटात स्टीलची पट्टी बसवली आहे, तेही लिहिलं होतं. साताऱ्याच्या पाद्र्यांना लिहिताना मी ते गाळलं. 'खोटं काहीच लिहिलं नव्हतं' असं तुला जे ठणकावून सांगितलं, त्यातली खोच एवढी आहे.

आणि त्याच्याही आत एक आहे. ते मी प्रार्थनेतसुद्धा कधी म्हटलेलं नाही.

अनीश आणि मी, दोघंही बिनलग्नाचे. आई म्हातारी. तो म्हणायचा, "ताई, रिटायर झालो की सांगलीला येतो, तिघं राहू." मागची खोली त्याच्यासाठीच बांधली होती. तू राहिलीस ती. त्याचं लग्नाचं पत्र आलं तेव्हा मला नियमशास्त्र आठवलं नाही, मयूरी. ती खोली आठवली. त्या खोलीत आता कोण राहणार, असं वाटून मी रडले. मग शास्त्र उघडलं, आणि मला पाहिजे होतं ते तिथं बोटभर अंतरावर सापडलं.

म्हणजे नियम खरा होता. मी तो उचलला ते कारण खोटं होतं. मग मी नियम पाळला की मोडला? तो म्हणतो कानामात्रा गळणार नाही, आणि मी तर एकही गाळला नव्हता. फक्त एक माणूस गाळलं. या उत्तरापाशी आले की डोकं चालत नाही. परत पहिल्यापासून सुरू करते.

आई २०१७ साली गेली. मातीला अनीश आला होता. खड्ड्याच्या त्या बाजूला तो, या बाजूला मी. त्यानं टाकलेली मूठभर माती वाऱ्यानं माझ्या साडीवर आली. मी ती झटकली. सगळ्यांसमोर, नीट, निऱ्यांपर्यंत. तो बघत होता. मला त्या मातीचा राग नव्हता गं.

काल एक काम मात्र केलं. पंचांकडं गेले आणि दुसरा कागद दिला. 'आधीचे निवेदन खोटे आहे. मयूरीला मी दोन वर्षे शिकवले. जबरदस्ती मी केली नाही व तिनेही करून घेतली नाही. तिने केले ते मी शिकवले तसेच केले.' सेक्रेटरींनी वाचलं आणि विचारलं, "बाई, याचे परिणाम कळतात ना?" मी म्हटलं, "नाही." खरंच कळत नव्हते. संध्याकाळी निरोप आला, की या वर्षी नाताळचा कार्यक्रम दुसरं कुणी बसवेल, शब्बाथशाळेच्या किल्ल्या द्याव्यात. दिल्या. एकोणतीस वर्षं त्या माझ्या कमरेला होत्या. घरी आल्यावर कंबर हलकी लागली आणि फार वाईट वाटलं. बरं वाटेल असं मला वाटलं होतं.

तू म्हणशील, कागद झाला, सातारा कुठाय? कागद सोपा असतो बाळ. मला कागद नेहमीच सोपा गेला आहे.

क्षमाबाई


सातारा
२२ डिसेंबर

मयूरी,

सलाम. शिक्का बघितलास ना?

आज रविवार. शाळेत असल्यापासून मी आजारपण सोडून एकही रविवार मंदिर चुकवलं नव्हतं. आज सकाळची गाडी धरली. घंटा वाजायच्या वेळी मी रेल्वेत होते आणि समोरच्या बाई मला शेंगा सोलून देत होत्या. गाडी कोरेगावला थांबली तेव्हा मी पिशवी घेऊन फलाटावर उतरले. पलीकडून सांगलीची गाडी कधी आहे ते विचारलंसुद्धा. मग त्या शेंगावाल्या बाई खिडकीतून ओरडल्या, "आवं मावशी, सातारा अजून लांब हाय, चढा, चढा!" त्यांना वाटलं मी चुकून उतरले. मी चढले. माझ्या शौर्याची कथा एवढीच आहे.

गोडोलीत घर सापडायला वेळ लागला नाही. दार सोनियानं उघडलं. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. बारीक बाई, चष्मा, हात पिठाचे. तिनं मला ओळखलं. आईच्या फोटोवरून ओळखलं असेल, माझं तोंड तसंच आहे. आत वळून नुसती म्हणाली, "अहो, बाहेर या."

अनीश आला. केस सगळे गेलेत. मी वाटेत भाषण तयार केलं होतं. समेटाचं वचन, मग माझी चूक, मग घटस्फोटाबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही हे प्रामाणिकपणानं, मग माफी. चार मुद्दे. त्यातला एकही तोंडातून निघेना. मी म्हटलं, "पाद्र्यांना लिहिलं तेव्हा मनगटाचं गाळलं होतं. मुद्दाम गाळलं."

सोनिया आत गेली नाही. दाराला टेकून उभी राहिली. मला वाटलं ती रडेल, किंवा मला चालती हो म्हणेल. तिनं पिठाचा हात पदराला पुसला आणि म्हणाली, "मला माहीत होतं. त्या पाद्र्यांनी तुमचं पत्र आम्हाला वाचायला दिलं होतं."

अकरा वर्षं त्यांना माहीत होतं, मयूरी. मी एकटीच लपवत बसले होते.

अनीश मात्र दारातून बाजूला होईना. त्यानं मला विचारलं, "ताई, खरं सांग. तू माझ्यासाठी आलीस, का येशूनं सांगितलंय म्हणून आलीस? दान ठेवायचं राहिलंय म्हणून आली असलीस तर मी मोकळं करतो तुला. मनात काही नाही माझ्या. जा, ठेव दान."

हा प्रश्न तू मला कधी विचारला नव्हतास. मी उभ्या उभ्या उत्तर शोधलं. त्यानं सांगितलं नसतं तर मी आले असते का? नसते आले. तू भोपळा उचलला नसतास तर? नसते. मग मी भावासाठी आले असं कसं म्हणू? पण गाडीत सगळा वेळ मला काही प्रवचन आठवत नव्हतं. हा पाच वर्षांचा असताना तापात माझा अंगठा धरून झोपायचा, ते आठवत होतं. मग त्यानं सांगितलं म्हणून आले असंही कसं म्हणू? दोन्ही उत्तरं अर्धी अर्धी चूक. आणि खोटं बोलायची मला भीती वाटली, आतापर्यंत लिहून देताना कधी वाटली नव्हती तेवढी.

मी म्हटलं, "माहीत नाही रे."

तो बाजूला झाला, आणि आईचा आवाज काढल्यासारखा खेकसला, "मग ये आत, बस. माहीत असतं तर दारातूनच परत धाडली असती."

क्षमाबाई